राजारामच्या नावाचं रक्त

आमच्याकडे माणूस मुंबईला असला तरी गावात हजर धरला जातो. वाडीच्या बैठकीत राजारामदादाचं नाव पुकारलं की धाकटा सुहास हात वर करायचा. बुद्धविहाराच्या पत्र्यासाठी श्रमदान निघालं तर सुहास दोन दिवस जायचा, एक स्वतःचा आणि एक दादाचा. ग्रामसभेच्या वहीत दादाची सहीसुद्धा तोच ठोकायचा, आणि इतक्या वर्षांत ती एवढी सराईत झाली होती की खुद्द दादाने केली असती तर ग्रामसेवकाने शंका काढली असती. मुंबईवाल्याच्या नावावर गावातला भाऊ उभा राहणार, ही आमची रीत. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून शहरातली माणसं म्हणतात, अहो, असं कसं केलंत तुम्ही? असंच केलं. जन्मभर करत आलो तसंच केलं.

मी आम्रपाली. रत्नागिरीजवळच्या पावसच्या अलीकडे आमचं गाव. वरची बौद्धवाडी माझं माहेर, खालची सासर. चौदा वर्षं या गावात आशा सेविका आहे, त्यामुळे लहान पोरांना माझं नाव आशाच आहे असं वाटतं. आम्ही तीन भावंडं. थोरला राजाराम घाटकोपरला, कुरिअरच्या गोदामात कामाला. मधली मी. धाकटा सुहास गावात टेंपो चालवतो, हंगामात आंब्याच्या पेट्या नेतो.

आम्हा गमऱ्यांच्या घराण्यात पुरुष पन्नाशी बघत नाही. आजा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला, बाबा चव्वेचाळिसाव्या, काका तर एक्केचाळीसलाच. सगळे पोटाने. आधी दुखायचं, मग संडासावाटे रक्त जायचं, मग माणूस सुकत जायचा. गावात याला 'गमऱ्यांचं पोट' म्हणत. धर्मांतराच्या वेळी आजाने देव्हारा उचलून नदीत सोडला, त्या देवांनीच आमचं पोट धरलं, असं सांगणारी माणसं गावात अजून आहेत. त्या देवांना इतकी वर्षं दुसरा उद्योगच नव्हता वाटतं! पण खोटं कशाला बोलू, बाबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि त्या बोलण्याची मलाही भीती वाटायची.

म्हणून कोरोना ओसरल्यावर पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं चौकशी करत आली तेव्हा मी त्यांना सोडलंच नाही. डॉक्टर मुग्धा म्हणून एक बारकीशी बाई होत्या. माझ्या पडवीत तीन तास बसून त्यांनी आमचं सगळं घराणं कागदावर काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, पोटाने गेलेला प्रत्येक जण काळा रंगवलेला. काढून झाल्यावर त्या कागदाकडे बघवेना.

त्यांनी मला नीट समजावलं. शरीरात पेशी वाढताना चुका होतात, त्या दुरुस्त करणारं एक जनुक असतं, आणि तुमच्या घरात बहुतेक तेच बिघडलंय. बिघाड आईबापाकडून मुलात येण्याची शक्यता निम्मी. "आणि प्रत्येक मुलाची वेगळी," त्या म्हणाल्या. "दोन सख्खे भाऊ असले तरी एकात असेल, एकात नसेल." ज्याच्यात बिघाड सापडेल त्याची दरवर्षी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायची, गाठ दिसली की ती वाढायच्या आधीच काढून टाकायची. म्हणजे माणूस म्हातारा होऊ शकतो. मी तर रडलेच. हे सगळं मी माझ्या वहीत उतरवून घेतलं, सख्ख्या भावांचं वाक्यसुद्धा. ती वही माझ्याकडे आहे.

मग मी दारोदार फिरले. रक्त द्यायला आमची माणसं भितात. एकाला वाटतं विकतील, दुसऱ्याला वाटतं रक्त दिलं की माणूस मरेल. समजावून, दटावून, एका म्हाताऱ्याला तर शपथ घालून मी तेवीस नावं जमवली. जानेवारीतल्या एका रविवारी शाळेच्या वर्गात शिबिर लागलं. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या नळ्या पुण्याहून तयार होऊन आल्या होत्या. दादाला सुट्टी मिळाली नाही. दुपारी दोन वाजता बावीस नळ्या भरल्या, आणि राजाराम गमरे नावाची एक रिकामी राहिली.

ती रिकामी नळी परत पाठवायची मला लाज वाटली, दुसरं काही नाही. डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत माणसांशी बोलत होत्या. रक्त घेणारा मुलगा नवखा, कोणाला ओळखत नव्हता. मी बाहेर टेंपोपाशी उभ्या असलेल्या सुहासला हाक मारली आणि म्हटलं, "दादाच्या नावावर बस जरा."

त्याने सकाळीच एक हात दिला होता. तो आला, दुसऱ्या हाताची बाही वर केली. "घ्या," म्हणाला. "भावाभावाचा रगात काय येगळा असतो?"

त्या मुलाने चिठ्ठी वाचली. "राजाराम गमरे?"

"हजर," सुहास बैठकीत म्हणतो तसं म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं, तुझंही उरकलं. तो म्हणाला, "बेस केलंस. सुहास्याला च्या पाज."

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. हे संशोधन आहे, पुण्याला आकडा पुरा झाला की झालं, एवढंच. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कागद येईल, तो माणूस घडी करून पाकिटात ठेवील आणि त्यावर आपलं आयुष्य मांडील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. यायला हवं होतं. वाडीतल्या बाकीच्यांना कळलं नसतं तर चाललं असतं, मला तीन तास बसवून शिकवलं होतं.

जुलैत निकाल आले. माझ्या कागदावर होतं, बिघाड आहे. सुहासच्या कागदावर नाही. राजारामच्या कागदावर नाही.

दादाला डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं. त्या वर्षी तो चव्वेचाळिसाचा होत होता, बाबांच्या वयाचा. त्याने लगेच मला फोन लावला आणि फोनवर ओक्साबोक्शी रडला. स्वतः रक्त दिलं नाही हे त्याला माहीत होतंच की. पण सुहासने दिलं म्हणजे आपण दिलं, यात त्याला काही वावगं दिसलं नाही. कागदावर आपलं नाव आहे, शिक्का आहे. आठ दिवसांनी त्याने मुंबईहून पेढे पाठवले, वाडीत घरटी वाटायला. ते मी वाटले. माझ्या हाताने वाटले.

मी बोलले का नाही? रात्रंदिवस स्वतःला विचारलंय. माझं स्वतःचं निघालं होतं, त्या धक्क्यात होते. रत्नागिरीला दुर्बीण घातली तेव्हा दोन गाठी निघाल्या, डॉक्टर म्हणाले पाच वर्षांनी आल्या असतात तर अवघड होतं. शिवाय नोकरीची भीती. खोटा नमुना दिला हे कळलं तर आशाचं काम जाईल, आणि ज्यांना मी शपथा घालून आणलं ते तोंडावर थुंकतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खरं कारण याहून वाईट आहे. शक्यता निम्मीच तर आहे, असं मी मनाशी म्हटलं. निम्म्यात दादा सुटलेला असेल. भावाचा जीव मी असा नाणं उडवून ठेवला आणि नाणं खाली पडायची वाट बघत बसले. चुका दुरुस्त करणारं जनुक माझ्यात बिघडलेलं आहे, हे कळायला मला पुण्याचा कागद लागायला नको होता.

पुढच्या मे महिन्यात दादा गावी आला. पोटाच्या धास्तीने तो वर्षानुवर्षं फणसाला शिवत नसे. त्या दिवशी म्हणाला, "आमू, बरका फोड." मी हाताला तेल लावून फणस फोडला. तो अंगणात मांडी घालून गरे खात होता, रस कोपरापर्यंत ओघळत होता, आणि पोटावर थापट्या मारून म्हणत होता, "आता तू माझा हायेस बाबा." त्याची मुलगी मनस्वी मोबाइलवर त्याचं चित्रण करत होती. मी समोर कोयती घेऊन बसले होते. तेव्हा सांगायचं होतं.  मी म्हटलं, "दादा, अजून देऊ?"

त्यानंतर दोन वर्षं गेली.

गेल्या ऑगस्टमध्ये डॉक्टर मुग्धांचा फोन आला. मी पोलिओच्या याद्या करत होते. त्या म्हणाल्या, "आम्रपालीताई, एक विचारायचं होतं. पूर्वी आम्ही तुमच्या नमुन्यांतली फक्त ती एक जागा तपासली होती. आता हे तंत्र खूप स्वस्त झालंय, म्हणून साठवलेल्या सगळ्या नमुन्यांचं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचन केलं. बिघाड असूनही कोणाला लवकर होतं, कोणाला उशिरा, ते का, हे शोधायचं होतं. त्यात राजाराम आणि सुहास यांचे नमुने तंतोतंत एक आलेत. असं फक्त जुळ्यांमध्ये होतं. ते जुळे आहेत का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, उघडलं होतं. पण दोघांच्या वयात आठ वर्षांचं अंतर, फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

"जुळे नाहीत," मी म्हटलं. "दोन्ही नळ्या सुहासच्या आहेत. दादा त्या दिवशी आलाच नव्हता."

 त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, त्यांना आजच्या आज फोन करा. त्यांची तपासणी झालेली नाही. तीन वर्षं झाली."

मी फोन केला. आणि तेव्हाही खरं बोलले नाही. म्हटलं, "दादा, लॅबमध्ये काहीतरी घोळ झालाय म्हणतात. तुझं रक्त परत घ्यायचंय. आणि आतड्याची दुर्बीण करून घे." डॉक्टरांनीही त्याला फोन केला, पण त्या 'नमुन्यांची गफलत' असं काहीतरी सभ्य बोलल्या, त्यात माझं नाव कुठे आलं नाही.

"दुर्बीण कशाला?" दादा म्हणाला. "माझी मूळव्याध हाय गो. आठ म्हयने रगात जाताय. डॉक्टरला सांगितला मी, आमच्या घराण्यात पोटाचा हाय म्हणून. तो पण दुर्बीणच करू म्हणत होता. मग त्याला तो कागद दाखवला. त्याने वाचलान, म्हणाला कागद चांगला हाय, मग मूळव्याधच. मलम दिलान."

 कागद नसता तर त्या डॉक्टरने दुर्बीण घातली असती. नुसतं घराण्याचं ऐकून घातली असती. माझा कागद आडवा आला.

पंधरा दिवसांत सगळं उघड झालं. मोठ्या आतड्यात गाठ, आणि ती यकृतापर्यंत पोचलेली. दादाचं खरं रक्त अखेर पुण्याला गेलं. निकाल काय येणार हे सांगायला कोणी लागत नव्हतं, आणि तसाच आला.

मी मुंबईला गेले. प्रेमलावहिनी रात्रंदिवस दवाखान्यात बसून अर्धी झाली होती. तिला मी आंघोळीला घरी पाठवलं आणि दादाच्या खाटेपाशी बसले. हात नुसते काड्या झाले होते. लॅबवाल्यांना शिव्या देत होता, पण शिवी द्यायलाही त्याला मध्ये थांबावं लागत होतं. तेव्हा मी सगळं सांगितलं. सख्ख्या भावांचं वाक्यही सांगितलं, वहीतलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे तुला म्हायत होता."

"होय."

"मी फणस खात होतो तवा?"

"तेव्हाही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.  तसाच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुहास्याला सांगू नको. आपल्या रगताने दादा मेला असा त्याला वाटंल. पोर येडा होईल."

"आणि मी, दादा?"

"तू शिकलेली हायेस," तो म्हणाला. "तुझा तू बघ."

अकराव्या दिवशी तो गेला. मधल्या दिवसांत मी रोज जात होते. वहिनीशी बोलायचा, मनस्वीशी बोलायचा. माझ्याशी बोलला नाही.

दादाचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातली शोकसभा, गावी ठेवलं. गावाच्या मुंबई मंडळाची माणसं आली, पाहुणे आले, अंगणात मांडव पडला. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर मुग्धांनी निरोप पाठवला होता, मनस्वीची तपासणी ताबडतोब व्हायला हवी. आता तर तिची शक्यता निम्मी, हे नक्कीच होतं. मी मनस्वीला बाजूला घेऊन सांगितलं. एकवीस वर्षांची पोर, रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "आत्या, बाबांच्या कागदावर पण 'नाही'च होतं ना? त्या कागदाने मारलं त्यांना. मी नाही देणार रक्त. आणि तू परत विचारू नकोस."

सुहास मागेच होता. "कोणीच देणार नाय," तो म्हणाला. "माझाच रगात होता तो. माझा चांगला आणि दादाचा खराब, असा कसा होईल? लॅबवालेच चोर. तक्रार करणार मी." वाडीतल्या लोकांनाही ते पटलं होतं. ज्यांच्यात बिघाड निघाला होता असे नऊ जण दरवर्षी माझ्याबरोबर रत्नागिरीला दुर्बिणीला यायचे. त्यांतल्या पाच जणांनी दादाच्या मयतालाच मला सांगितलं होतं, ताई, यंदापासून आमचं नाव काढा. दादाने सुहासला वाचवायला मला गप्प राहायला सांगितलं, आणि मी गप्प राहिले तर दादाची पोर जाणार होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, बौद्धाचार्यांचं बोलून झालं, आणि मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून दादाबद्दल दोन शब्द बोलू लागला. कोणी म्हणालं मनमिळाऊ, कोणी म्हणालं दिलदार. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, लॅबने काही केलं नाही. नळी मी भरून घेतली. ती सुहासच्या रक्ताने भरली, आणि भावाभावाचं रक्त एक नसतं हे त्या दिवशी मला माहीत होतं. सुहासला माहीत नव्हतं. निकाल आल्यावर तीन वर्षं मी गप्प राहिले. कागद खरे आहेत. ज्याचं रक्त त्याचाच कागद खरा असतो. मनस्वी, तुझं रक्त तू दे.

 वहिनीने पदर तोंडात कोंबला होता. सुहास पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला होता. तो उठला, आणि दुमडलेली शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढत म्हणाला, "दादाला म्हायत होता ह्या?"

"शेवटी सांगितलं."

"काय बोलला?"

खोटं बोलायची माझी ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "तुला सांगू नको म्हणाला."

सुहास मांडवातून निघून गेला. टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. दोन दिवस तो घरी आला नाही, आणि त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय काय आलं ते मी इथे लिहिणार नाही.

मनस्वीने त्याच आठवड्यात रत्नागिरीला जाऊन रक्त दिलं. बिघाड तिच्यातही आहे. दुर्बिणीत अजून काही सापडलेलं नाही. दरवर्षी बघत राहिलं तर ती म्हातारी होईल, असं डॉक्टर मुग्धा म्हणतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. नाव काढा म्हणणारे पाचही जण परत आले. मी तारखा मोबाइलवर पाठवते, मनस्वी 'ओके' लिहिते. त्यापलीकडे ती मला काही लिहीत नाही. माझं आशाचं काम गेलं नाही. चौकशी झाली, समज देण्यात आली. एवढ्यावरच सुटले याचं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात सुहास पोराच्या लसीचं कार्ड घेऊन माझ्या दारात आला. आशाकडे यावंच लागतं, इलाज नाही. भर उन्हातून आला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि भांडं आणलं, त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भांडं दोन बोटांनी बाजूला सारलं आणि विचारलं, "पुढची तारीख कंदी?" मी तारीख सांगितली. तो कार्ड घेऊन गेला.

आजाच्या हातचं पाणी या गावात कोणी घेत नसे, हे ऐकत मी मोठी झाले. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि ज्यांच्यावर फिरतं ती माणसं समोर दाखवता येतात. आता माझ्या हातचं पाणी माझा सख्खा भाऊ घेत नाही, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.